पिवळ्या प्लगचा तह

उस्तादला जावयाचं सोल्डरिंग आवडत नसे, आणि जावई तर त्याहून आवडत नसे. जावयाचं मतही फारसं वेगळं नव्हतं. फरक एवढाच, की उस्ताद आपलं मत मोठ्यानं बोलून दाखवी आणि जावई कानाला हेडफोन लावून.

दोघांना बसायला मात्र एकच टेबल होतं. एका जुन्या गोदामात एअरसॉफ्टचं मैदान थाटलेलं होतं. प्लायवूडच्या भिंती, रिकामी पिंपं, टायरांचे ढीग, आणि त्यांच्याआडून एकमेकांवर प्लॅस्टिकचे छर्रे झाडणारी चांगली बापई माणसं. बंदुका दिसायला खऱ्याखुऱ्या. पोटात पाहावं तर एक मोटर, काही दातेरी चाकं आणि एक स्प्रिंग. सगळा खेळ बॅटरीवर. बंदूक चालेनाशी झाली की ती मागच्या खोलीत येई. तिथं हे लांब टेबल. डाव्या टोकाला उस्ताद, उजव्या टोकाला जावई आणि मध्ये एक उंच स्टूल. त्या स्टुलावर उस्तादची लेक.

लेक मैदानाच्या टीमची कॅप्टन होती. बंदुका वाटणं, परत घेणं, कोण नियम मोडतंय ते बघणं, सगळं तिच्याकडे. बाहेर तिनं शिट्टी वाजवली की चाळीस माणसं जागच्या जागी थांबत. आत आली की तिचं काम टपालाचं.

"त्याला सांग, मीटर दे म्हणावं," उस्ताद म्हणे.

"त्यांना सांग, स्वतःचा घ्या म्हणावं," जावई म्हणे.

दोघांमधलं अंतर दोन हातांचं. लेक मुकाट्यानं जावयापुढचा मीटर उचली आणि बापापुढे ठेवी. उस्तादचा स्वतःचा मीटर केव्हाच बंद पडला होता. नवा आणायचा तर जुना बिघडला हे जावयासमोर कबूल करावं लागलं असतं, म्हणून त्यानं आणला नाही. मीटर म्हणजे बॅटरीत जीव किती आणि प्लस कुठं, मायनस कुठं ते सांगणारी हातभर वायरीची डबी. तेवढ्यासाठी माणूस दिवसातून कितीदा मान खाली घालेल? उस्तादनं त्यावर तोड काढली होती. तो मान खाली घालतच नसे, लेकीला उठवी.

भांडणाचं मूळ म्हणाल तर प्लग. निदान दोघं सांगायचे तसं. खरं मूळ प्लगाच्या फार आधीचं होतं. बायको गेल्यावर उस्तादनं या पोरीला याच टेबलाशी वाढवलं. ती शाळेतून यायची ती थेट इथं, दप्तर बंदुकांच्या ढिगावर टाकायची आणि बापाच्या मांडीशी बसून वायरी सोलायची. सोल्डरचा गोल, चकचकीत थेंब कसा पडला पाहिजे हे ती अक्षरांच्या आधी शिकली. आणि मग एक दिवस तिनं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला हा पोरगा आणून उभा केला, "बाबा, हा इथंच काम करेल," म्हणाली. उस्ताद हसला आणि पाहुण्याला खुर्ची दिली. त्या दिवसापासून त्याला पाण्यात पाहायला लागला.

जावयानं पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या प्लगाला हात घातला. मैदानाच्या सगळ्या बंदुकांना उस्ताद छोटा पांढरा प्लग लावी. त्याला एक नखाएवढी कडी असते, लागला की टिक्‌ वाजतं.

"असल्या प्लगात पत्र्याएवढा धातू," जावई लेकीकडे बघून म्हणाला. "करंट जाणार कुठून? हात लावून बघ, गरम झालाय. वायरही बघ, चहाच्या गाळणीची तार बरी. ट्रिगर दाबल्यावर बंदूक विचार करत बसते."

त्यानं टीमच्या बंदुकांना पिवळा, चौकोनी प्लग लावायला सुरुवात केली. आत सोनेरी गोल पिना, आणि रबरासारखी मऊ, जाड वायर. ट्रिगरच्या जुन्या पत्र्याच्या स्विचऐवजी बोटाच्या पेराएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. बंदुका लख्ख चालायला लागल्या, हे उस्तादलाही ऐकू येत होतं. म्हणून तो जास्तच चिडला.

"त्याला सांग, पिवळा प्लग मगरमिठी मारतो. लावताना गोड वाटतं, काढताना निघत नाही. लोक वायरीला धरून ओढतात आणि सोल्डरचा डाग तुटतो. आणि ती जाड वायर आत चाकांना घासली की बघ मग गंमत."

हेही खरं होतं. दोघांचंही बरंचसं खरं होतं, तीच तर पंचाईत.

शेवटी लेकीनं तोंड उघडलं. बाहेरच्या टीमा सामन्याला येणार होत्या, त्याच्या आधीच्या आठवड्यात. बंदुका दोन प्रकारच्या, बॅटऱ्या दोन प्रकारच्या. खेळाच्या मध्येच कुणी बॅटरी मागितली की ती लागायची नाही आणि कॅप्टन मैदानभर प्लग शोधत फिरायची. तिनं स्टुलावरून उतरून दाराला कडी लावली.

"एकच प्लग," ती म्हणाली. "सगळ्या बंदुकांना, सगळ्या बॅटऱ्यांना. कुठला ते मी ठरवणार, पिवळा. आणि दुसरं. पलीकडच्या शहरातल्या मैदानवाल्यांनी मला बोलावलंय. मी अजून नाही म्हटलेलं नाही. सामन्यापर्यंत तुम्ही दोघं माणसासारखे वागलात तर मी इथं. नाहीतर मी चालले. आणि एकटी जाईन, ऐकलंत? नवऱ्यालाही नेणार नाही आणि बापालाही नाही. मला टपाल वाहायचा कंटाळा आलाय."

जावयानं हेडफोन काढला. उस्तादनं सोल्डरिंगची सळई स्टँडवर ठेवली. पोरगी पोकळ धमकी देणारी नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ही गेली की ही खोली म्हणजे नुसतं गोदाम, आणि घर म्हणजे त्याहून मोठं गोदाम.

"लावतो पिवळा," तो म्हणाला.

लेक बघतच राहिली. मग तिनं बापाच्या टकलावरून हात फिरवला आणि बाहेर गेली. जावई बराच वेळ एकाच स्क्रूशी खेळत बसला.

आता उस्तादची एक रीत सांगायला हवी. भाड्याची सायकल कुणी जपून चालवत नाही, तसंच भाड्याच्या बंदुकीचं. लोक खिशातून घरची दांडगी बॅटरी काढून मैदानाच्या बंदुकीला लावत, दोन मिनिटं धडाधड छर्रे उडवत आणि चाकांचे दात तोडून बंदूक परत देत. वर "आपोआप झालं" म्हणत. यावर उस्तादनं फार वर्षांपूर्वी तोडगा काढला. त्यानं मैदानाच्या सगळ्या बंदुकांच्या आणि बॅटऱ्यांच्या प्लगात वायरी उलट्या जोडल्या. जिथं प्लस तिथं मायनस. दोन्हीकडे उलट, म्हणजे आपसात सगळं सुलट. पण बाहेरची बॅटरी लावून ट्रिगर दाबला की मोटर उलटी फिरायला बघायची, अडायची आणि आतला फ्यूज टक्‌ करून उडायचा. बंदूक मेली. मग तो शहाणा कान पाडून मागच्या खोलीत यायचा, आणि उस्ताद सगळ्यांसमोर फ्यूज काढून उजेडात धरायचा.

"आपोआप झालं, नाही का?" असं तो विचारी. आयुष्यात त्याला याच्याइतकं सुख कशानंच दिलं नव्हतं.

ही रीत जावयाला पहिल्या दिवशीच कळली होती आणि तिला तो वेडेपणा म्हणाला होता. टीमच्या बंदुका त्यानं सुलट्या ठेवल्या. तोवर प्लगच वेगळे असल्यामुळे ह्याची बॅटरी त्याच्या बंदुकीत जायचा प्रश्नच नव्हता. पांढरा पिवळ्यात शिरत नाही. दोघांचं वैरच एका अर्थी सगळ्यांना सांभाळत होतं.

तह झाला आणि ते संपलं.

उस्ताद आठवडाभर मान मोडून बसला. एकेका बॅटरीचा पांढरा प्लग कापून तो पिवळा लावत होता. एक वायर कापायची, सोलायची, रबरी स्लीव्ह सरकवायची, सोल्डर करायची, मगच दुसरीला हात लावायचा. दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीतच ठिणगी. हात कसलेला होता, सवयीनं पळत होता. पिवळ्या प्लगावर कंपनीनंच प्लस-मायनस कोरलेलं असतं. पहिल्या बॅटरीला त्यानं लाल, म्हणजे प्लसची, वायर मायनसवर धरली आणि क्षणभर थांबला.

सुलट करायची तर बंदुकाही आतून सुलट कराव्या लागणार. म्हणजे त्या पोराच्या पद्धतीवर ही खोली चालणार. प्लग दिला, आता रीतही द्यायची? आज प्लग, उद्या टेबल. आणि कधीतरी तो चोरून माझ्या खोक्यातली बॅटरी उचलेल, त्याशिवाय राहायचा नाही. तेव्हा कळेल. उस्तादनं लाल वायर मायनसवरच चिकटवली आणि वरून जावयाच्या बॅटऱ्यांसारखीच काळी स्लीव्ह अशी चढवली की कोरलेली खूणही झाकली गेली आणि वायरीचा रंगही. त्यानं साऱ्या बॅटऱ्या आणि भाड्याच्या बंदुका अशाच केल्या. काम मात्र देखणं झालं होतं.

"उलटंसुलटं काही ठेवलं नाहीत ना बाबा?" लेकीनं जाता जाता विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला हवा तो प्लग लावला. आता माझी कातडी काढून बूट शिवू का त्याला?"

ती हसली. तिला ते 'नाही' वाटलं. उस्तादला माहीत होतं की तिला ते 'नाही' वाटलंय.

जावयानंही त्या आठवड्यात एक गोष्ट केली होती. जाड वायर आणि बोर्ड बसवल्यावर बंदुकीच्या पुढच्या नळीत जागा उरेना. शिवाय फ्यूज म्हणजे करंटला अडथळा. त्यानं टीमच्या बंदुकांमधले फ्यूज काढून टाकले. आपल्या बॅटऱ्या सुलट्या, आपल्या बंदुका सुलट्या, मग फ्यूज हवा कशाला? हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे स्टुलामार्फत, आणि तह झाल्यापासून स्टुलावर कुणाला बसवायचं नाही असं ठरलं होतं. तहाचा अर्थ दोघांनी आपापल्या परीनं एकच लावला होता: आता बोलायचंच नाही.

सामन्याच्या दिवशी गोदाम माणसांनी फुललं. उस्ताद बॅटऱ्यांचं खोकं घेऊन दाराशी बसला होता. लेकीची टीम पहिली फेरी जिंकली, दुसरीही जिंकली. जावई मैदानाच्या जाळीपलीकडे छाती पुढे काढून उभा होता. जो येई तो त्याला म्हणे, "काय बंदुका केल्यात राव!" उस्तादला कुणी काही म्हणालं नाही. भाड्याच्या बंदुकांचं कौतुक कोण करणार?

शेवटच्या फेरीच्या मध्यंतरात लेक घामाघूम होऊन दाराशी आली. तिच्या बंदुकीची बॅटरी उतरली होती. दुसरी जावयाच्या बॅगेत, मैदानाच्या त्या टोकाला. ती वाकली आणि तिनं बापाच्या खोक्यातली एक उचलली.

"एकच प्लग झाला ते बरं झालं, बाबा," ती म्हणाली.

आणि इथं उस्ताद गप्प बसला.

विसरला असता तर गोष्ट वेगळी. तो विसरला नव्हता. त्याला सगळं लख्ख दिसत होतं: लेकीच्या हातातली बंदूक जावयाची, सुलटी, बॅटरी आपली, उलटी. त्यानं तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात जाळीपलीकडे जावई कुणाच्यातरी पाठीवर थाप मारून हसला. उस्तादच्या मनात आलं, उडू दे फ्यूज. टक्‌ करून उडेल, बंदूक मरेल, भर सामन्यात, सगळ्यांदेखत. मग मी फ्यूज उजेडात धरीन. लेक एक फेरी हरेल, हरू दे. दुसऱ्याला अपशकुन करायला माणूस स्वतःचं नाक कापतो म्हणतात. उस्ताद लेकीचं कापायला निघाला होता आणि त्याला ते नुसतं टक्‌ एवढंच वाटत होतं.

लेकीनं पुढची नळी उघडली, बॅटरी आत सरकवली आणि प्लग दाबला.

टक्‌ झालं नाही. तडतड झाली, ओला लाकूडफाटा पेटावा तशी. बोर्ड जळल्याचा घाण वास सुटला. ट्रिगरला तिनं बोटही लावलं नव्हतं. उलट्या बॅटरीला बोर्डातून सरळ वाट मिळाली होती आणि अडवायला मध्ये कुणी नव्हतं. वायरीवरचं रबर तिच्या मुठीत धुमसायला लागलं. तिनं बंदूक फेकली नाही. शेजारी माणसं होती. कॅप्टन होती ती. बॅटरी पेटेल म्हणून तिनं प्लग धरून ओढला. पिवळा प्लग निघेना. तिनं पुन्हा ओढला. दात-ओठ खाऊन तिसऱ्यांदा ओढला तेव्हा तो निघाला, तिच्या तळव्याची कातडी घेऊनच. फुगलेली बॅटरी तिनं पायानं वाळूच्या बादलीकडे ढकलली आणि मगच ती ओरडली.

जावई जाळीवरून उडी टाकून आला. कुणी पाणी आणलं. ती हात पाण्यात धरून पिंपावर बसली, चेहरा पांढराफटक. जावई गुडघ्यावर बसून तिचं मनगट धरून होता.

"माझी चूक," तो म्हणत होता. "फ्यूज मी काढला होता. जागा नव्हती गं. मी काढला. पण जळायचं कारण काय? बॅटरी तर..."

उस्ताद पुढं आला नव्हता. आता गप्प राहिला असता तर सगळं जावयावर शेकलं असतं. तो स्वतःच कबूल करत होता, साक्षीदारही हजर होते. उस्तादला ही वाट दिसली आणि ती दिसल्याचीच त्याला शिसारी आली. तरीही तो पुढं आला नाही.

लेकीनं चांगल्या हातानं जळका प्लग उचलला. काळी स्लीव्ह वितळून मागं सरली होती. लाल वायर मायनसवर. सोल्डरचा थेंब मात्र गोल, चकचकीत, जसा पडायला हवा तसा. तो थेंब कुणाचा, हे तिला विचारायची गरज नव्हती.

तिनं वर पाहिलं. तिनं वायरीबद्दल काहीच विचारलं नाही.

"मी बॅटरी उचलली तेव्हा तुम्ही बघत होतात," ती म्हणाली.

"मला वाटलं फ्यूज उडेल," उस्ताद म्हणाला.

बोलला आणि त्याला कळलं की हे बोलायला नको होतं. 'विसरलो' म्हणायला हवं होतं. विसरलेल्या बापाला पोर माफ करते. आसपासच्या माणसांनी माना वळवल्या. जावई सावकाश उभा राहिला. हा आता आपल्याला मारणार असं उस्तादला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. पण जावयानं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून, त्याच्याशी, त्यालाच उद्देशून म्हटलं, "मला विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

"आणि तू?" लेक नवऱ्याकडे वळली. "तुला कुणी विचारायलाच हवं होतं का? माझ्या हातात दिलीस ना बंदूक? बोलायला काय झालं होतं तोंडाला?"

जावयाचीही मान खाली गेली.

"दोघंही सारखेच," ती म्हणाली. "वायरीचं एक एक टोक धरून बसलात, आणि मध्ये मी."

दवाखान्यात ती मैत्रिणीबरोबर गेली. दोघांनाही तिनं गाडीत बसू दिलं नाही. हाताला पट्टी बांधलेली असतानाच तिनं पलीकडच्या मैदानवाल्यांना होकार कळवला, आणि पट्टी सुटायच्या आत बॅग भरून गेली. निघताना खोलीच्या दारात क्षणभर उभी राहिली. तिथं दोन टोकांना दोन माणसं बसली होती आणि एकालाही उठून दाराशी यायचा धीर झाला नाही. "येते," असं लेक म्हणेल म्हणून उस्ताद कान टवकारून बसला होता. ती "जाते" म्हणाली.

मैदानाच्या मालकानं दुसऱ्या दिवशी खोकी आणून टेबलावर उपडी केली. मैदानातल्या सगळ्या बॅटऱ्या, सामन्याच्या गोंधळात एकत्र झालेल्या. सगळ्यांना तोच पिवळा प्लग, तीच काळी स्लीव्ह.

"उलट्या कुठल्या, सुलट्या कुठल्या, मला ठाऊक नाही," मालक म्हणाला. "सगळ्या एकसारख्या झाल्याशिवाय मैदान उघडायचं नाही. आणि प्रत्येक बंदुकीत फ्यूज. कसं ते तुम्ही दोघं ठरवा." त्यानं 'दोघं'वर जोर दिला आणि निघून गेला.

उस्तादनं एक बॅटरी उचलली, फिरवून बघितली. खूण झाकलेली, रंग झाकलेला. फरक त्यानंच पुसलेला. नुसतं बघून सांगायला देवाचाही बाप आला पाहिजे. मीटर लावला की झालं, क्षणाचं काम. मीटर उजव्या टोकाला होता.

"त्याला सांग," उस्ताद म्हणाला, "मीटर..."

स्टूल रिकामं होतं. त्याच्या गोल बैठकीवर तिच्या बसण्यानं रंग उडालेला होता. उस्ताद त्या रंग उडालेल्या जागेकडे बघत राहिला. जावयानं ऐकलं होतं. आज कानाला हेडफोन नव्हता. तरी त्यानं मान वर केली नाही.

"मीटर हवाय," उस्ताद म्हणाला.

"कुणाला सांगताय?"

या माणसाला हाक मारायला उस्तादकडे शब्दच नव्हता. आजवर तो, हा, तुझा नवरा, एवढ्यावर भागलं होतं. हाक मारायचं काम ती करत होती.

"तुम्हाला," तो म्हणाला. "तुम्हाला सांगतोय."

जावयानं मीटर उचलला. हात लांब करून तो त्यानं टेबलाच्या मध्यावर, रिकाम्या स्टुलासमोर ठेवला आणि हात मागं घेतला. पुढं सरकवला नाही.

लेक असती तर तिनं तो उचलून बापापुढे ठेवला असता. उस्ताद थोडा वेळ वाट बघत बसला, सवयीनं. मग तो उठला.